रविवारची सुट्टी कुणी मिळवली?

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, असे मी अनेकांच्या तोंडून ऐकतो. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरे आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र ती मागून, झगडून घ्यावी लागली. या मागणीमागे उभे होते नारायण मेघाजी लोखंडे.

१८४८ साली जन्मलेले लोखंडे रेल्वे आणि टपाल खात्यातली नोकरी करून मुंबईत एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीतले हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. काम उजाडताना सुरू होई, मावळताना सुटे. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास भरत. १८८१ च्या कारखाना कायद्याने लहान मुलांचे तास ठरवले, मोठ्यांना काहीच दिले नाही.

लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. १८८० पासून ते मुंबईतून ‘दीनबंधु’ हे पत्र चालवत होते. १८८४ साली त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. त्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

आजच्या अर्थाने ही युनियन नव्हती. वर्गणी नाही, सभासदांची यादी नाही, लेखी नियम नाहीत. काहीजण त्यामुळे लोखंड्यांना कमी लेखतात. मला ते पटत नाही. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या माणसाने मालकाविरुद्धच्या कागदावर सही करणे, हेच त्या काळी मोठे धाडस होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारही त्या सभेत बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला आधार दिला, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले.

१८९७ साली प्लेगने लोखंडे गेले. २००५ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. पण आपल्या इमारतीचा वॉचमन, घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई यांना आठवड्याची सुट्टी मिळते का? लोखंड्यांची पहिली मागणी तीच होती. या रविवारी आपण त्यांना एवढे तरी विचारू या.