पहिला दिवस नटाचा, दुसरा आठवडा प्रेक्षकांचा

ठाण्याच्या एका नाट्यगृहाला डॉ. काशिनाथ घाणेकरांचे नाव आहे. जाहिरातीत सगळ्यांत शेवटी, ‘आणि’ लावून छापल्या जाणाऱ्या नटाचे हे नाव. नटाच्या नावावर तिकिटे खपतात हे खरेच, पण ती पहिल्या दोन-तीन दिवसांची. तमिळ प्रेक्षकांना रजनीकांतचा चित्रपट म्हणजे उत्सव. तरीही त्यांचा ‘बाबा’ (२००२) पडला. उलट ‘सैराट’चे (२०१६) नायक-नायिका अगदी नवखे, आणि तोच १०० कोटींच्या कमाईचा टप्पा गाठणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) तर बायकांनी मैत्रिणींना सोबत घेऊन, घोळक्याने जाऊन चालवला.

कल्याण-डोंबिवलीत अशी तोंडी जाहिरात लोकलच्या डब्यात होते. पण मुंबईहून परतणाऱ्या नोकरदाराला घर गाठेपर्यंत आठ वाजतात. त्याला रात्रीचा किंवा शनिवार-रविवारचाच खेळ जमतो. मराठी चित्रपटाला मंगळवारी सकाळचा खेळ दिला, की खुर्च्या रिकाम्या राहतात आणि ‘प्रेक्षकच नाही’ म्हणून तोही काढला जातो. प्रेक्षकाचा कौल अखेरचा असेल, तर तो देण्याइतकी सवड त्याला मिळायला हवी.