वर्दीतल्या डॉक्टर, वर्गातल्या शिक्षिका

29 फेब्रुवारी 2020 रोजी डॉ. माधुरी कानिटकर यांना लेफ्टनंट जनरल हा हुद्दा मिळाला. आपल्या सैन्यदलांत या दर्जापर्यंत पोहोचलेल्या त्या तिसऱ्या महिला. त्यांच्याआधी 2004 मध्ये भूदलात डॉ. पुनीता अरोरा लेफ्टनंट जनरल आणि हवाई दलात डॉ. पद्मा बंदोपाध्याय एअर मार्शल झाल्या होत्या. तिघीही डॉक्टर, आणि तिघीही पुण्याच्या एकाच कॉलेजच्या विद्यार्थिनी. ते कॉलेज म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळे एएफएमसी म्हणतात.

एमबीबीएसला अव्वल ठरल्याबद्दल माधुरीताईंना राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि 1982 मध्ये त्या सेनेत रुजू झाल्या. पुढे त्यांनी बालरोगशास्त्रात एमडी केले. दिल्लीच्या एम्समध्ये मुलांच्या मूत्रपिंडविकारांचे खास प्रशिक्षण घेतले, नंतर सिंगापूर आणि लंडन येथेही शिक्षण घेतले. फौजी डॉक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोळी लागलेला जवान येतो. पण जवानाला घरदार असते, लेकरे असतात. त्या लेकरांसाठी सेनेच्या रुग्णालयांत मूत्रपिंडविकारांचे उपचार उभे करण्याचे काम त्यांनी केले.

हा विषय आपल्या घरांशीही जोडलेला आहे. सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसतात, दोन दिवसांनी पायही सुजतात, लघवीला फेस येतो. घरात कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते थंडी बाधली. अनेकदा हा नेफ्रोटिक सिंड्रोम असतो. मूत्रपिंडाची चाळणी सैल होते आणि शरीरातले प्रथिन लघवीतून वाहून जाते. लघवीची साधी तपासणी केली की बहुधा लगेच अंदाज येतो. बहुतेक मुले औषधाने बरी होतात. मात्र हा आजार पुन्हा पुन्हा उलटू शकतो. सूज उतरली म्हणून आपल्या मनाने औषध बंद करणे हीच सर्वांत मोठी चूक. औषध कमी कसे करायचे ते डॉक्टरच ठरवतील.

रुग्णसेवेबरोबर माधुरीताईंचे शिकवणेही सुरू राहिले. ज्या कॉलेजात शिकल्या तिथेच त्या प्राध्यापक झाल्या, पुढे अधिष्ठाताही झाल्या. नंतर उधमपूरला उत्तर विभागाच्या वैद्यकीय सेवेची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि मग दिल्लीत तिन्ही दलांच्या वैद्यकीय समन्वयाचे काम. 2021 मध्ये त्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. 1998 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली ॲलोपथी, आयुर्वेद, होमिओपथी, दंतवैद्यक, नर्सिंग आणि युनानी अशा सगळ्या शाखा येतात. मालेगावच्या तिब्बिया कॉलेजातून बीयूएमएस होणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या पदवीवर याच विद्यापीठाचे नाव असते, आणि आज एएफएमसीची पदवीही हेच विद्यापीठ देते.

त्यांचे पती राजीव कानिटकर हेही सेनेत लेफ्टनंट जनरल होते. पती-पत्नी दोघेही या हुद्द्यावर पोहोचल्याचे हे पहिलेच उदाहरण. दोन बदलीच्या नोकऱ्या, दोन ठिकाणचे संसार आणि मुलांचे संगोपन, हे घरातल्या सगळ्यांच्या साथीशिवाय होत नाही.

आता जिंतूरबद्दल बोलू. माझ्या वर्गातल्या हुशार मुलींना विचारले तर निम्म्या म्हणतात, डॉक्टर व्हायचे. घरचे म्हणतात, "सर, लातूरचा क्लास, मग खासगी कॉलेजची फी, कुठून आणायचे?" या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यात आहे. एएफएमसीत शिक्षणाची फी नाही. मुलींसाठी दरवर्षी 30 जागा असतात. बदल्यात पदवीनंतर सैनिकी वैद्यकीय सेवेत काम करावे लागते. शॉर्ट सर्व्हिस असेल तर सात वर्षे. मध्येच सोडले तर बंधपत्राची मोठी रक्कम भरावी लागते.

अटी नीट समजून घ्या. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. दहावीला गणित हवे. उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि शिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. दहावी-बारावीतच मुलीच्या स्थळाची बोलणी सुरू करणाऱ्या घरांनी हे आधी लक्षात घ्यावे. आधी नीट द्यावी लागते. ती मराठीतून देता येते, उर्दूतूनही देता येते. पण नीटनंतर निवड झालेल्यांना पुण्यात इंग्रजी भाषा आणि तर्कबुद्धीची वेगळी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. आपली मुले अडखळतात ती इथे. विज्ञान येते, पण इंग्रजीतून बोलता येत नाही. त्यावर बारावीनंतर इलाज नाही. तयारी आठवीपासूनच करावी लागते. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि तो आपल्या शब्दांत सांगायचा. याला पैसा लागत नाही, घरातल्या एका माणसाचा अर्धा तास लागतो.

वर्दीचे नियम सगळ्यांना सारखे असतात आणि बदली कुठेही होऊ शकते. कोणाला हे पटेल, कोणाला नाही. ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी सरकारी मेडिकल, बीयूएमएस, नर्सिंग असे रस्ते आहेत. पण निर्णय मुलीला समोर बसवून, तिचे ऐकून व्हावा. नीटचा अर्ज भरायची मुदत निघून गेल्यावर ही चर्चा करून उपयोग नाही. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचा. समजली नाही तर शाळेत या. शिक्षक त्यासाठीच असतात.