छप्पर त्यांचे, गळती आपली

घर आपले, पण डोक्यावरचे छप्पर शेजाऱ्याचे! इंग्लंडमध्ये एकाची मालकी अशी दुसऱ्याच्या जागेवर अधांतरी असली, की तिला ‘फ्लाइंग फ्रीहोल्ड’ म्हणतात. वरच्या मजल्यावरचा फ्रीहोल्ड फ्लॅट हा त्यातलाच प्रकार.

सॉमरसेटमधल्या एका वास्तूचे १९६० साली दोन भाग झाले. मोठ्या घराच्या छपराचा काही भाग कॉटेजवर येत होता. कॉटेज विकताना मालकाने ‘हे छप्पर दुरुस्त ठेवू’ असे लिहून दिले. पुढे दोन्हींचे मालक बदलले आणि छप्पर गळू लागले. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. १९९४ साली निकाल लागला : फ्रीहोल्डमध्ये असा खर्चाचा शब्द नव्या मालकावर बंधनकारक नाही!

लीजहोल्डमध्ये हे बंधन पुढच्या धारकावरही राहते. म्हणून तिथले बहुतेक फ्लॅट लीजवर असतात. फ्रीहोल्ड फ्लॅटला कर्ज देताना बँका कां-कूं करतात. १९९२च्या कायद्यानुसार कोर्टाच्या हुकमाने शेजाऱ्याच्या जागेत शिरून आपली भिंत दुरुस्त करता येते, पण आपल्याच खर्चाने.

तेव्हा लेस्टरला घर बघणाऱ्या लेकीला एवढेच सांगा : बाई गं, किंमत मागाहून विचार; आधी छप्पर कोणाचे, ते विचार.