एकोणतीसचा पाढा आणि ऊटीची हवा

धावण्याच्या विषयावर मी बोलावं यात थोडी गंमतच आहे. मी कविता लिहितो. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन, आणि शाळेत शर्यतीच्या दिवशी माझं पोट न चुकता दुखायचं. पण 2024 च्या मे महिन्यात भाचीला पोचवायला म्हणून ऊटीला गेलो, चार दिवसांचे दहा दिवस झाले, आणि पन्नाशी उलटल्यावर रक्त, लोह, हवेचा दाब असल्या गोष्टी शिकून परत आलो. त्याच आज सांगणार आहे.

भाची तेव्हा सोळा वर्षांची होती. तीन हजार मीटर पळायची. आमच्याकडे कऱ्हाडजवळ कृष्णा कालव्याच्या कडेनं कच्चा रस्ता आहे, तेच तिचं मैदान. सैन्यात धावलेले आमच्याच भागातले एक निवृत्त प्रशिक्षक दर उन्हाळ्यात पंधरा-वीस पोरापोरींना घेऊन चार आठवडे ऊटीला शिबिर भरवतात. त्यांनी तिला पाहिलं आणि ‘पाठवा’ म्हणाले. माझी बहीण, म्हणजे आमच्या आपा, शिलाईकाम करतात. त्यांनी बांगड्यांचा जोड गहाण ठेवला आणि पैसे भरले. मुलीची जात, परमुलूख, म्हणून सोबतीला मामू.

ऊटीच का? मी हाच प्रश्न सरांना गाडीत विचारला. ते म्हणाले, आपल्या राज्यात एवढा उंच डोंगर दाखवा, तिथं शिबिर घेतो. खरंच आहे. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते 1646 मीटर. महाबळेश्वर त्याहूनही खाली. लांब पल्ल्याच्या धावपटूंना साधारण दोन हजार ते अडीच हजार मीटरची उंची मानवते. त्याखाली शरीराला फारशी जाग येत नाही आणि त्याहून फार वर सरावच होत नाही. ऊटी 2240 मीटरवर आहे, म्हणून देशातल्या मोठ्या धावपटूंची शिबिरंही तिथं भरत आली आहेत.

योगायोग असा, की मेक्सिको शहराची उंचीही तेवढीच, 2240 मीटर. 1968 चं ऑलिंपिक तिथं झालं आणि विरळ हवा म्हणजे काय ते जगानं पाहिलं. लांब उडीत बॉब बीमननं 8.90 मीटर उडी मारली. क्षणभराच्या खेळाला विरळ हवा फायद्याचीच, कारण तिचा अडथळा कमी. पण दहा हजार मीटरच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, ज्याच्या नावावर 27 मिनिटं 39.4 सेकंदांचा विश्वविक्रम होता, तो सहावा आला आणि शर्यत संपताच बेशुद्ध पडला. केनियाचा नफ्ताली तेमू जिंकला, तोही 29 मिनिटं 27.4 सेकंदांत, म्हणजे विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक उशिरानं. पंधराशे मीटरमध्ये किप कीनोनं अमेरिकेच्या जिम रायनला मागे टाकलं. कीनो केनियाच्या पठारावर वाढलेला. तेव्हापासून सपाटीवरच्या लोकांनी डोंगराची वाट धरली.

इथं एक गैरसमज दूर करतो, तो माझाही होता. उंचावर हवेत प्राणवायूचं प्रमाण कमी असतं असं आपण म्हणतो. तसं नाही. प्रमाण समुद्रकाठी असतं तेवढंच, शंभरात एकवीसच्या आसपास. कमी होतो तो दाब. ऊटीला तो समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट राहतो. म्हणजे श्वास तेवढाच घ्यायचा, पण आत येणारा माल पाऊण.

शरीर गप्प बसत नाही. प्राणवायू कमी पडतोय हे मूत्रपिंडांना काही तासांत कळतं. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. हाडांच्या आत मगज असतो, तिथं तांबड्या पेशी तयार होतात. हे संप्रेरक म्हणजे त्या मगजाला गेलेला निरोप : पेशी वाढवा. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजायला वीटभट्टी पुरे. मालकाचा सांगावा आला, विटा जास्त पाडा. सांगावा एका दिवसात येतो, पण वीट पाडायची, वाळवायची, भाजायची. त्याला वेळ लागतो. तीन-चार आठवडे मुक्काम केला तर रक्तातला एकूण हिमोग्लोबिन जेमतेम तीन-चार टक्क्यांनी वाढतो, आणि खाली उतरल्यावर तो हळूहळू पुन्हा मूळपदावर येतो.

तीन-चार टक्क्यांसाठी एवढा खटाटोप? मीही हेच म्हणालो. सर हसले. तीन हजार मीटरच्या शर्यतीत पहिली आणि पाचवी यांच्यात त्याहूनही कमी अंतर असतं म्हणाले.

पहिल्या सकाळी साडेपाचला थंडीनं दात वाजत होते. पोरं टोप्या घालून उभी. मला वाटलं आता शिट्टी होईल आणि सगळी सुटतील. सरांनी सांगितलं, आठवडाभर कुणीही जोरात पळायचं नाही. पळताना प्रत्येकानं आपल्या भाषेत काहीतरी मोठ्यानं म्हणायचं. श्वास तुटला की वेग कमी करायचा. कुणी मारुतिस्तोत्र म्हणत होतं, कुणी सिनेमाचं गाणं, एक कन्नड मुलगा बहुतेक बसथांब्यांची नावं म्हणत होता. आमच्या बाईसाहेबांनी एकोणतीसचा पाढा निवडला. (मामूची एखादी कविता निवडावी असं तिला वाटलं नाही, याची नोंद करून पुढे जातो.) कालव्यावर ती हा पाढा पळता पळता सरळ दाहेपर्यंत नेते. इथं ‘एकोणतीस सक’ला अडकली.

हळू का पळायचं? वर प्राणवायू कमी, त्यामुळे खाली जो वेग सोपा वाटतो तोच इथं शर्यतीसारखा महाग पडतो. तरणी पोरं हे मानत नाहीत. सगळ्यात वेगवान मुलाच्या मागं सगळी लागतात आणि दहा दिवसांत शिबिराचं रुग्णालय होतं. यावर मोठ्या धावपटूंनी एक तोड काढली आहे : राहायचं उंचावर आणि जोराचा सराव करायला खाली उतरायचं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीजवळ लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी धावपटूंवर हा प्रयोग करून 1997 मध्ये निष्कर्ष मांडले. राहणं 2500 मीटरवर, सराव 1250 मीटरवर. त्या धावपटूंची पाच हजार मीटरची वेळ सुधारली. आमच्या शिबिराला हे परवडणारं नव्हतं. ऊटीहून मेट्टुपाळयमला उतरायचं म्हणजे घाटाची वळणं, अर्धी पोरं गाडीतच ओकणार. म्हणून सरांचा जोराचा सराव म्हणजे दोनशे-तीनशे मीटरचे छोटे तुकडे आणि मध्ये भरपूर विश्रांती.

अशी शाळकरी मुलांची शिबिरं केनियात फार आधीपासून आहेत. इटेन हे गाव 2400 मीटरवर. तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत 1976 मध्ये कोल्म ओ’कॉनेल हे आयरिश धर्मबंधू भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचं शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी 1989 पासून शाळेच्या सुट्टीत मुलामुलींची शिबिरं सुरू केली. आठशे मीटरमध्ये 2012 च्या लंडन ऑलिंपिकला 1 मिनिट 40.91 सेकंदांचा विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशा किशोरवयातच त्यांच्या हाताखाली आला. पण एक फरक विसरू नये. इटेनची मुलं डोंगरावरच जन्मतात. त्यांना तिथं ‘जावं’ लागत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायला जरा जड जातं.

शिबिरात रोज उठल्या उठल्या, अंथरुणातच, प्रत्येकानं आपली नाडी मोजून वहीत लिहायची. पहिल्या दिवसांत सगळ्यांचीच वाढते. मग बाकीच्यांची उतरू लागली. भाचीची दहाव्या दिवशीही चढतीच होती. जेवण जाईना, झोप लागेना. सरांनी वही पाहिली, तिचा येताना आणलेला रक्ताचा अहवाल पाहिला आणि मला विचारलं, दुसरी तपासणी कुठाय?

शिबिराच्या अर्जावर दोन तपासण्या लिहिल्या होत्या, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. दुसरीला काहीशे रुपये जास्त पडत होते. हिमोग्लोबिन 12.1 आला, ‘ठीक’ असा शेरा होता. मग दुसरी कशाला, असं मीच ठरवलं. अर्ज मीच भरला होता. बांगड्या गहाण टाकणाऱ्या बहिणीचे पैसे वाचवले, याचं मला समाधानही वाटलं होतं.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप. हिमोग्लोबिन म्हणजे बाजारात फिरणारा पैसा, फेरिटिन म्हणजे कोठारातलं धान्य. कोठार रिकामं होईपर्यंत बाजार चालू दिसतो. ऊटीतच तपासणी केली. आकडा आला नऊ. पंधराच्या खाली गेला म्हणजे साठा संपलाच. सांगावा येत होता, भट्टी पेटली होती, आणि माती नव्हती. अशा मुलीला डोंगर काही देत नाही, उलट असलेलं काढून घेतो.

सरांनी तिचं पळणं निम्म्यावर आणलं, उरलेला वेळ चालणं. आपांचा फोन आला : “पैसे भरले ते पोरीला चालायला?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझ्याच चुकीचं होतं. दोन दिवसांनी सांगितलं.

एका संध्याकाळी शिबिरात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मुलींना वेगळं बसवलं आणि पाळीबद्दल विचारलं. जास्त पळून, कमी खाऊन पाळी बंद झाली तर पुष्कळ मुलींना ती सोय वाटते, प्रशिक्षकांना तर कळतही नाही. खरं तर तो शरीराचा धोक्याचा इशारा असतो. वाढत्या वयात हाडं भरायची तेव्हा ती ठिसूळ राहतात, बारीक तडे जातात. आमच्या भाचीचं तसं नव्हतं, तिला पाळीत रक्तस्राव जास्त होता आणि तिनं तो घरात कुणालाही सांगितला नव्हता. मी रमजानचे रोजे पुढे केले. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिनं ते ठेवले होते. बाई म्हणाल्या, महिनाभराच्या रोजांनी कोठार रिकामं होत नाही, वर्षभराचं ताट सांगा. ताट सांगितलं : भाकरी, डाळ, आठवड्याला एकदा मटण, आणि जेवणावर लगेच कडक चहा. चहा तेवढा तासभर मागं ढकला म्हणाल्या, जेवणात लिंबू पिळा आणि या गोळ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींमागे एकोणसाठ रक्तक्षयी निघाल्या. त्या बाजारच रिकामा झालेल्या. नुसतं कोठार रिकामं असलेल्या त्यात धरलेल्याच नाहीत.

मग अशा वयात डोंगर हवाच का? सर स्वतः दर वर्षी पोरं नेतात, पण ‘हवाच’ म्हणत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला पळत जायचा, बारावीनंतर सैन्यात गेला आणि शर्यतींत तिथूनच उतरला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं स्टीपलचेसचं रौप्य आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओच्या अंतिम फेरीत धावली. उंचावरचे सराव या लोकांच्या वाट्याला आले ते पुढे, अंग तयार झाल्यावर. पंधराव्या वर्षी ऊटीहून पोरं नेतात ती झोपेची, नाडीची, हळू पळण्याची सवय, असं सरांचं म्हणणं. मला ते पटतं. मात्र त्यासाठी बांगड्या गहाण पडाव्यात, हे अजून पटत नाही.

ऑगस्टमध्ये जिल्ह्याला ती पाचवी आली. आदल्या वर्षाहून चार सेकंद जास्त, 11 मिनिटं 22. आपा काही बोलल्या नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. वर्षभर गोळ्या, लिंबू आणि बिनचहाचं जेवण चाललं. 2025 च्या मेमध्ये फेरिटिन 38 भरलं. त्या उन्हाळ्यात ती शिबिराला गेली नाही. कालव्यावरच पळाली आणि ऑगस्टमध्ये 10 मिनिटं 58 सेकंदांत आली. बांगड्या दिवाळीत सुटल्या. सरांचा निरोप आहे की आता पाठवा, आता डोंगराला देण्यासारखं काही हिच्याकडे आहे. आपांनी अजून हो म्हटलेलं नाही. दोन्ही तपासण्यांचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत.

सकाळी मी सायकलवर तिच्या मागे असतो. ती पुढे, पाढा मोठ्यानं चालू. परवा चढावर मीही तिच्याबरोबर म्हणायला लागलो आणि ‘एकोणतीस साते’ला धापा टाकत दोनशे तेरा म्हणालो. तिनं मागं न बघता दुरुस्त केलं, “दोनशे तीन, मामू. हळू चालवा.”