जावाचा बुश

मिस्त्री कनेक्टिंग रॉड उजेडाकडे धरून तिच्या वरच्या डोळ्यातून बघताहेत. शेडच्या छपरात एक फायबरचा पत्रा आहे, त्यातून दुपारचं ऊन थेट बाकड्यावर उतरलंय. डोळ्यात बसलेला जुना बुश एका अंगाला घासून अंडाकृती झालाय. ते त्यात पिस्टनची पिन घालतात आणि अंगठ्यानं वरखाली हलवतात. पिन खुळखुळते.

‘सापडला बघा तुमचा आवाज,’ ते म्हणतात.

हा आवाज पावसाळाभर माझ्या कानात आहे. गाडी जागेवर उभी असताना इंजिनातून बारीक टिकटिक, ॲक्सिलरेटर दिला की खडखड. कुणी पिस्टन बदला म्हणालं, कुणी सायलेन्सरचा नट आवळून दिला. शेवटी इंजिन उतरवून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आणलंय. क्रँक प्रेसवर उलगडून झालाय. दोन फ्लायव्हील बाकड्यावर पालथी पडली आहेत आणि शेजारी घासलेटच्या ट्रेमध्ये रोलर भिजताहेत.

मिस्त्री बुश दाबून बाहेर काढतात आणि त्याच्या कडेवर कानस ओढतात. निघालेला चुरा तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरतात. चुरा पिवळाधमक आहे.

‘पितळ हाय ह्ये, पाव्हणं. फॉस्फर ब्राँझ असतं तर लालसर दिसलं असतं. बसवणाऱ्यानं दिसायला सारखं म्हणून बसवलंय.’

तांब्यात जस्त घातलं की पितळ, कथील घातलं की ब्राँझ, एवढंच शाळेत शिकलेलं असतं. त्या फरकाचा अर्थ इथे तळहातावर दिसतो. प्रत्येक स्फोटाला पिस्टनचा सगळा दणका या अंगठीएवढ्या नळीवर येतो, आणि तिला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळून आलेल्या तेलाचं, तेवढंच. या दोन स्ट्रोकच्या इंजिनात दुसरी सोय नाही. पितळेचा तिथे निभाव लागत नाही.

गाडी 1971 सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर 1961 पासून तिथे या गाड्या बनू लागल्या, पुढे नाव येझदी झालं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचा एकच सिलिंडर, तरी सायलेन्सर दोन. किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडी. कारखाना बंद झाल्यापासून सुटे भाग म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरचा जुना साठा, पुण्याच्या जुन्या बाजारातली पोती, नाहीतर नव्यानं बनवलेली नक्कल. रॉडचं अख्खं किटही मिळतं. मी ते आणून दाखवलंय. मिस्त्रींनी दोन्ही रॉड शेजारी ठेवल्या, बोटानं ठोकून पाहिल्या आणि किट परत पिशवीत घातलं. ‘जुनी सरळ हाय, भक्कम हाय. तिला कशाला काढायची? नुसता बुश गेलाय.’

मला ते पटलंय. अस्सल भाग शोधत गावोगाव फिरण्याचा एक नाद असतो, आणि मीही तो केलाय. पण जुनी गाडी धावती राहते ती या शेडमुळे. ज्यांनी ही गाडी आखली त्यांनी तिचे भाग असे ठेवले की लेथवर हात बसलेला माणूस ते पुन्हा घडवू शकेल. गोल, सरळ, मोजता येण्याजोगे. आजच्या गाडीतलं सीलबंद इलेक्ट्रॉनिक खोकं पन्नास वर्षांनी कुणी असं उघडून बसेल याची मला खात्री वाटत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

मिस्त्री ब्राँझचा गज चकमध्ये आवळतात. लेथ जुना आहे, पट्ट्यावर चालणारा. पट्टा फटफटत फिरायला लागतो आणि टूल गजाला टेकताच लालसर, आखूड कीस उडायला लागतो. आधी मधलं भोक, मग बाहेरचा व्यास. प्रत्येक कटानंतर मशीन थांबतं, गज पुसला जातो, मायक्रोमीटर लागतो. बोलणं बंद. रॉडचा डोळा त्यांनी तीन दिशांनी मोजून बाकड्यावर खडूनं आकडा लिहिलाय. बुश त्याहून दीड थाउ मोठा हवा. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्याहून मोठा झाला तर बसताना डोळ्याला चीर जाईल; डोळ्याच्याच मापाचा राहिला तर चालत्या इंजिनात तो रॉडमध्येच फिरायला लागेल.

शेवटचा कट इतका हलका आहे की कीस धुरळ्यासारखा पडतो. मायक्रोमीटर पुन्हा लागतो. मिस्त्री मान डोलावतात आणि बुश कापून वेगळा करतात.

मला वाटतं झालं. पिन घालून बघायला मी हात पुढे करतो.

‘थांबा की. आत आजून बारीकच हाय त्यो. बुश डोळ्यात गेला की आवळतोय, भोक आणि कमी होतंय. म्हणून आदी बसवायचा, मग माप.’

वाईसच्या एका जबड्याला रॉड, दुसऱ्याला बुश, आणि बुश पलीकडे निघायला जागा राहावी म्हणून एक जाड नळीचा तुकडा. हाताखालचा पोरगा दांडी फिरवतो, मिस्त्री बोटानं बुश सरळ धरून आहेत. दोन वेळा ते त्याला थांबवून कड बघतात. तिसऱ्यांदा बुश एक करकर आवाज करत आत सरकतो आणि रॉडच्या कडेशी बरोबर येऊन थांबतो.

मग रॉडच्या माथ्यावरच्या तेलाच्या भोकातून ड्रिल आत जातं. ते आधी मारायचं आणि बुशाचं भोक मापावर आणणारा रीमर नंतर फिरवायचा, म्हणजे ड्रिलनं आत काढलेली धार रीमर कापून टाकतो. हा क्रम चुकला तर ती धार पिनेवर रेघ ओढत राहते. तेल जाण्याची वाट एवढीच आहे, तेव्हा भोक बुजलेलं नाही ना हे मिस्त्री तार घालून बघतात, मग फुंकून बघतात.

रीमर मात्र ते पोराला देत नाहीत. हातानंच, एका दिशेनं, सावकाश. उलटा फिरवायचा नाही, पाती बोथटतात आणि भोकावर ओरखडे येतात. थोडा फिरवला की बाहेर, चुरा पुसायचा, पिन लावून बघायची. पिन तोंडाशी अडते. पुन्हा रीमर. आता अर्धी जाते. पुन्हा. एवढ्यात दारात उसाच्या चरकाचं दाते तुटलेलं चाक घेऊन एक जण येऊन उभा राहतो. मिस्त्री वर न बघता त्याला ‘बसा, चा सांगितलाय’ म्हणतात.

आता पिनेला तेलाचा थेंब लावलाय. अंगठ्याच्या दाबानं ती आत सरकते, न अडखळता, आणि रॉड आडवी धरून पिन उभी केली तरी खाली पडत नाही. मिस्त्री ती वरखाली हलवून बघतात. काहीच खुळखुळत नाही. रॉड ते माझ्या हातात देतात. मी पिन पुढे ढकलतो, मागे घेतो, परत ढकलतो. मनापासून बरं वाटतं.

‘पेट्रोल टाकताना लिटरला चाळीस मिली ऑइल,’ हात पुसत ते सांगतात. ‘आदी ऑइल वतायचं, मग पेट्रोल. पंपावरचा पोरगा घाई करंल, करू द्यायची न्हाई. आणि पाचशे किलोमीटर हुईस्तोवर पन्हाळ्याला जाऊ नका.’

‘नाही जात. उद्या कधी येऊ?’

‘दहाला या. क्रँक जोडून सरळ करायचाय. मी हातोडा मारतो, तुम्ही डायल बघा.’

आणि ते चरकाच्या चाकाकडे वळतात. ‘दाखवा बघू. किती दातं ऱ्हायल्यात?’