४२९ कोटी पत्ते, तरी टंचाई

छत्रपती संभाजीनगर हे बावन्न दरवाजांचं शहर. भडकल, मकाई, पैठण, दिल्ली ही नावं इथे रिक्षावाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना पाठ. इंटरनेटवरच्या एका पत्त्याला मात्र ६५,५३६ दरवाजे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. सुरक्षित वेबसाइटचा सर्व्हर ४४३ क्रमांकाच्या दरवाजात उभा असतो, एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाणारी ईमेल २५ क्रमांकाच्या दरवाजातून आत येते.

हा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. सप्टेंबर १९८१ मध्ये ठरलेल्या आयपीव्ही४ या पद्धतीत तो ३२ बिटांचा असतो. प्रत्येक बिट शून्य किंवा एक. त्यामुळे एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलात तर १३६ वर्षं लागतील. ही पद्धत ठरली तेव्हा जगाची लोकसंख्या ४५० कोटींच्या आसपास होती. म्हणजे माणशी एक पत्ताही नव्हता, पण कॉम्प्युटरच मोजके असल्यामुळे कुणाला फिकीर नव्हती. हात सैल सोडून वाटप झालं. यंत्राला स्वतःशीच बोलता यावं म्हणून १२७ ने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते बाजूला काढले, त्यातला १२७.०.०.१ हा एकच बहुतेकांना पुरतो. २४० पासून पुढचे जवळपास २७ कोटी ‘पुढे बघू’ म्हणून राखले, ते आजही पडून आहेत.

३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले.

तरी इंटरनेट बंद पडलं नाही, ते पोर्ट नावाच्या या दरवाजांच्या जिवावर. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी, कुणीही घरात वापरावेत. गुलमंडीतला टीव्ही, सिडकोतला लॅपटॉप आणि वाळूजमधला प्रिंटर, तिघांचाही पत्ता एकाच वेळी १९२.१६८.१.५ असू शकतो. बाहेर जाताना राउटर स्वतःचा पत्ता चिकटवतो आणि कुठलं उत्तर कुणाचं, हे पोर्टच्या आकड्यावरून ओळखतो. इंटरनेट कंपन्या हेच मोठ्या प्रमाणावर करतात. घरटी हजार दरवाजे दिले, तरी एका पत्त्यामागे ६५ घरं बसतात.

कायमचा उपाय म्हणजे आयपीव्ही६. पत्ता १२८ बिटांचा आणि पत्त्यांची संख्या ३९ अंकी. एवढी संख्या वाचायची कशी? आपल्याकडच्या जुन्या गणिताच्या मापाने. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटण लागतं. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ उभारल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांच्या नावांची शेवटची पायरी परार्ध, म्हणजे एकावर १७ शून्यं. परार्धाला परार्धाने गुणा, आलेल्या उत्तराची ३४ हजार पट करा. तेवढे हे पत्ते.

विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षं, दर सेकंदाला आयपीव्ही४ चे सगळे ४२९ कोटी पत्ते खर्च केले असते, तरी या साठ्यातल्या १८ हजार कोटी पत्त्यांमागे जेमतेम एक संपला असता. एका घराच्या नेटवर्कला सहसा मिळणारा तुकडाच १८४ परार्धांचा. तो २०११ च्या जनगणनेतल्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या ११,७५,११६ लोकांना वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ लाख कोटींहून जास्त पत्ते येतील.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये स्वतःचा आयपी ॲड्रेस जरूर बघा. मध्ये ठिपक्यांऐवजी अपूर्णविराम असलेला, २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तो फक्त तुमच्या फोनचा. नुसता १९२.१६८ किंवा १०० ने सुरू होणारा दिसला, तर तुमचं इंटरनेट अजून सामायिक पत्त्यावर चाललंय.