पाणी गोड, जमीन चोपण

वायूसाठी खोदलेल्या विहिरीतून आधी पाणी येते, आणि कित्येक महिने येतच राहते. अमेरिकेत वायोमिंग आणि माँटाना या राज्यांत पसरलेल्या पावडर नदीच्या खोऱ्यात 1990च्या दशकाअखेरीपासून कोळशातला मिथेन काढण्यासाठी अशा हजारो विहिरी झाल्या. मुलूख कमी पावसाचा, चराईचा. तिथे पाणी वर येणे हे वरदानच वाटावे. पण या पाण्याचे काय करायचे, हा त्या धंद्यातला सर्वांत अवघड प्रश्न ठरला.

कोळशातला मिथेन एखाद्या पोकळीत साठलेला नसतो, तो कोळशाच्या अंगाला चिकटून असतो. थरात बारीक चिरा असतात, त्या पाण्याने भरलेल्या असतात आणि त्या पाण्याचा दाब वायूला जागच्या जागी धरून ठेवतो. पंपाने पाणी उपसले की दाब उतरतो, वायू सुटतो आणि चिरांतून विहिरीकडे येतो. म्हणून पाण्याचा जोर सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, पुढे तो ओसरतो आणि वायू वाढत जातो. एका विहिरीने मिनिटाला 40 लिटर पाणी दिले असे धरा, तरी दिवसाला 57 हजार लिटरच्या वर जाते. त्यामुळे पाण्याची सोय पंप सुरू होण्याआधीच लागते.

हे पाणी समुद्राच्या पाण्यासारखे खारट नसते. पावडरच्या खोऱ्यात बहुतेक ठिकाणी ते गुरे पिऊ शकतात. गोम आहे ती क्षारांच्या जातीत. मिथेन तयार होतो तिथे सूक्ष्मजीवांनी सल्फेट आधीच संपवलेले असते आणि बायकार्बोनेट वाढलेले असते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाटेतच निघून जातात. मागे उरतो तो प्रामुख्याने सोडियम.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला सोडियमचा हा त्रास समजावून सांगावा लागत नाही. चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम एकत्र धरतो, सोडियम त्यांना सुटे करतो. सुटे कण मातीतली छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही, वर खपली धरते, जमीन चोपण होते. म्हणून पाण्यात एकूण क्षार किती, एवढेच पाहून भागत नाही. सोडियमला कॅल्शियम-मॅग्नेशियमची साथ किती, हे पाहावे लागते. हे मोजायचे सूत्र असे: कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेचे निम्मे करायचे, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने सोडियमला भागायचे. सगळे आकडे लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये. सोडियम 20 आणि बाकी दोन्ही मिळून 2 असतील, तर उत्तर 20 येते. माँटानाने 2003 साली टंग नदीसाठी ओलिताच्या हंगामात मासिक सरासरीची मर्यादा ठरवली ती 3.

आता जिप्सम टाकून कॅल्शियम वाढवू, असे लगेच सुचते. पण वर्गमूळामुळे हिशेब कडक होतो. 20चे 10 करायला 2चे 8 करावे लागतात, म्हणजे चौपट. त्यात बायकार्बोनेट आडवा येतो. दाबाखालचे पाणी उघड्यावर आले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पाणी अधिक अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम चुन्याच्या रूपात खाली बसतो. म्हणजे तळ्यात नुसते साठवलेले पाणीही जमिनीसाठी आणखी वाईट होत जाते. माझ्या मते सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण विहिरीच्या तोंडाशी घेतलेला नमुना शेतात पोचणाऱ्या पाण्याची खरी खूण सांगत नाही. म्हणून गंधक जाळून तयार केलेले आम्ल पाण्यात मिसळून आधी बायकार्बोनेट मोडतात, मग जिप्सम देतात.

दुसरी वाट जमिनीखालच्या ठिबकची. वायोमिंगमध्ये सुमारे 90 सेंटिमीटर खोल नळ्या पुरून अल्फाल्फाला हे पाणी दिले गेले. तिथल्या मातीत मुळातच जिप्सम आहे, ते कॅल्शियम पुरवते. तिसरी वाट राळेच्या टाक्यांची. राळ सोडियम धरून ठेवते, पाणी नदीत सोडण्याजोगे होते. पण राळ धुतल्यावर उरणाऱ्या तीव्र खाऱ्या पाण्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोमधल्या सॅन वान खोऱ्यात पाणी बरेच खारे, म्हणून ते बहुतांशी खोल थरांत परत सोडतात.

पावडरमध्ये सर्वाधिक वापरली गेली ती तळी. ती सोपी असतात, आणि मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते. तळ्यातून मुरणारे पाणी खालच्या कोरड्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले क्षार विरघळवते आणि उथळ भूजलात नेते. शिवाय थांबलेल्या पाण्यावर डास वाढतात; डासांमार्फत पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूने 2003 साली या भागातल्या सेज ग्राऊस पक्ष्यांचा बळी घेतला, तेव्हा अशा तळ्यांकडेही बोट दाखवले गेले.

आणि ज्या कोळशाच्या थरातून हे पाणी उपसले, तोच पुष्कळ ठिकाणी पशुपालकांच्या विहिरींचाही झरा असतो. म्हणून कंपनीचे पंप सुरू होण्याआधीच शेजारच्या विहिरींची पातळी मोजून ठेवतात. पंप बंद झाल्यावर ती पुन्हा वर यायला वर्षानुवर्षे लागतात.